‘फक्त नक्कल’ म्हणण्यापूर्वी

आपली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. ‘नालाकृती कमान मुळात व्हिसिगॉथांची, अरबांनी तिची फक्त नक्कल केली, आणि हे दडवणारा लेखक अडाणी तरी असावा किंवा लबाड तरी,’ असे आपण माझ्या लेखाखाली लिहिले आहे. (नालाकृती कमान म्हणजे घोड्याच्या नालेसारखी, अर्धवर्तुळाखाली पुन्हा आत वळणारी; व्हिसिगॉथ म्हणजे अरबांपूर्वी स्पेनवर राज्य करणारे जर्मानिक लोक.) मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु कमानींवरच्या लेखाखाली लेखकाच्या प्रामाणिकपणाचा पंचनामा करण्याचे प्रयोजन काय? समोरासमोर बसून हेच शब्द आपण उच्चारले असते का?

व्हिसिगॉथ राजा रेक्केस्विंथने ६६१ साली बांधवलेल्या, स्पेनमधील पालेन्सियाजवळच्या सान हुआन दे बान्योस या चर्चला माझ्या लेखात एकच वाक्य मिळाले. आणखी दोन चालली असती, एवढे मान्य.

मात्र ‘फक्त नक्कल’ हे मी मुळीच मान्य करणार नाही. माझा जन्म गवंड्याच्या घरातला. कमानीखालचा लाकडी साचा काढताना वडिलांचा चेहरा कसा होई, ते मी लहानपणापासून पाहिले आहे. कमान म्हणजे नुसती बाह्यरेषा नव्हे, हे मला आपल्याकडून शिकण्याची गरज नाही. व्हिसिगॉथांची कमान अर्धवर्तुळाच्या खाली साधारणपणे त्रिज्येच्या एक तृतीयांश उतरते, तर दक्षिण स्पेनमधील कॉर्दोबाच्या खिलाफतकाळात, म्हणजे तिथल्या मुस्लिम खलिफांच्या राजवटीत, ती निम्म्यापर्यंत उतरून अधिक मिटते. तिथे दगडांचे सांधे वर्तुळाच्या केंद्राकडे न वळता त्याखाली, कमान जिथून उठते त्या रेषेच्या मध्याकडे वळतात. बुडाचे थर आडवेच बसवलेले असतात. आणि बाहेरची कड आतल्या कडेशी समकेंद्री नसल्यामुळे पट्टा माथ्याकडे रुंदावतो. खलिफा दुसऱ्या अल-हकमने दहाव्या शतकात कॉर्दोबाच्या मोठ्या मशिदीत उभारलेल्या मिहराबाची (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची) कमान चौकटीसह नीट पाहावी, म्हणजे आयता घेतलेला आकार आणि नव्याने विचार करून घडवलेली रचना यांतला फरक दिसेल.

शिवाय ९१३ साली उत्तर स्पेनमधील लेओनजवळ सान मिगेल दे एस्कालादा हे चर्च उभारणारे ख्रिस्ती मठवासी कॉर्दोबाहूनच आले होते आणि तिथल्या कमानींवर कॉर्दोबाचा ठसा आहे. मूळ ठेवा उत्तरेकडे जसाच्या तसा होता, तर हा ठसा तिथे का उमटावा?

छायाचित्रांबद्दलच्या आणि ‘सहल कंपनीचे माहितीपत्रक’ या शेऱ्यांना मी उत्तर देणार नाही. व्हिसिगॉथांच्या प्रदेशाबाहेरच्या, दमास्कसच्या उमय्यद मशिदीतील किंचित नालाकृती कमानींचा आपल्या प्रतिक्रियेत उल्लेखही नाही. त्याविषयी काही म्हणायचे असेल, तर अवश्य लिहावे. विशेषणे मात्र वगळावीत.