15 दिवसांत 10 किलो, आणि गोळ्याही बंद?

शेजारच्या काकूंनी साखरेच्या गोळ्यांची पट्टी फडताळात टाकून दिली. कारण मोबाइलवर आलेला निरोप: "15 दिवस फक्त लिंबू-मधाचं कोमट पाणी आणि ताक. 10 किलो चरबी जाते. साखर-बीपीच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून बंद. पुढे ज्वारीची भाकर कितीही खा."

एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. 10 किलोच्या झाल्या 77,000, म्हणजे रोज पाच हजारांवर तूट. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईचाही एवढा खर्च होत नाही. सुरुवातीला काटा उतरतो तो मुख्यतः अंगातलं पाणी गेल्याने. जेवण सुरू झालं की ते परत येतं.

पण खरा धोका गोळ्यांचा. काही जण गोळी सोडतात आणि चार दिवसांत उपासही सोडतात. साखर चढतच जाते. काही जण भीतीपोटी गोळी घेऊन उपाशीच वावरात जातात. पट्टीवर 'ग्लिमेपिराइड' असेल तर साखर एकदम उतरू शकते: दरदरून घाम, हातांना कापरं, बरळणं. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, 15 मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा द्या, मग जेवण आणि दवाखाना, कारण या गोळीचा असर दिवसभर राहतो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 लावा. ॲटेनोलॉलसारखी बीपीची गोळी अचानक तोडणं हृदयरोग्याच्या जिवावर बेतू शकतं.

अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत (2017) गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या आणि वर्षाअखेर 46 टक्के लोकांची साखर गोळीविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. पण तिथे साधारण 850 कॅलरींचा मोजून दिलेला आहार होता, ठरलेल्या तपासण्या होत्या, लागली तर गोळी परत सुरू होत होती. इन्सुलिनवाले आणि सहा वर्षांहून जुने रुग्ण घेतलेच नव्हते. निरोपात यातलं एक अक्षर नाही.

मध म्हणजे साखरच. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्या. भाकरीने पोट भरल्यासारखं वाटतं, इतकंच.

वजन उतरवायचं तर तेलापासून सुरू करा. चार माणसांत महिन्याला 5 किलोचा डबा संपत असेल तर 3 वर आणा. माणशी रोज दीडशे कॅलरी वाचतात. फोडणीला पळी उलटी करू नका, चमच्याने मोजा. तर्रीवरचा तेलाचा थर वाटीत काढून ठेवा. महिन्याला दोन किलो पुष्कळ झाले, फार भराभर उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात.

आणि काकू, ती पट्टी काढा. उपास करायचाच असेल तर आधी पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा.