येताना कानाचं मशीन घेऊन ये

भारतात यायचं ठरलं की महिनाभर आधी याद्या सुरू होतात. पूर्वी चॉकलेटं असायची, मग फोन आले, आणि आता घरातली मंडळी सत्तरीपार गेल्यावर कानाची मशीनं. परवा मावसभावाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, “आईसाठी तिकडून कानाचं मशीन आण. तुमच्याकडे फुकट मिळतं, आणि शिट्टी वाजत नाही म्हणे.” झालं, जुंपली. एक म्हणतो, इथे नुसती लूट आहे, ऐंशी हजारांचं मशीन फडताळात पडलंय. दुसरा म्हणतो, या वयात ऐकून करायचंय काय! (हा दुसरा दिवसभर कानात इयरफोन खुपसून असतो, ते असो.)

मी इंग्लंडात, रेडिंगला राहते आणि सहा वर्षं दोन्ही कानांत मशीन घालते. तेव्हा आधी एक गैरसमज दूर करते. शिट्टी इथेही वाजते. मशीनने मोठा केलेला आवाज कानातून फटीवाटे बाहेर निसटतो, माइक तोच पुन्हा पकडतो, मशीन तो आणखी मोठा करतं, आणि हे चक्र फिरत राहिलं की कुईं सुरू होते. फट का पडते? मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने केलेला बूच, सैल असतो, वजन उतरल्यावर कानही बदलतो, मोल्डची नळी कडक होऊन चिरते. कानात मळ असेल तर आवाज त्यावर आपटून मागे येतो. कशावरही देश लिहिलेला नसतो.

मावशीचं मशीन मी गेल्या डिसेंबरात नाशिकला पाहिलं. आरतीला तिने डोक्यावरून पदर घेतला की कुईं. नातीने गळ्यात हात टाकले की कुईं. विकणाऱ्याकडे तक्रार केल्यावर त्याने कॉम्प्युटरला जोडून दहा मिनिटांत शिट्टी बंद करून दिली. कानात डोकावून कुणी पाहिलं नाही. केलं एवढंच, की वरच्या पट्टीचे आवाज उतरवले, कारण शिट्टी तिथेच वाजते. पण स, श, च, त यांचा स्पष्टपणाही त्याच पट्टीत असतो, आणि म्हातारपणी कान नेमके तिथेच आधी जातात. मावशी म्हणाली, “आवाज येतो गं, शब्द येत नाहीत.” मग मशीन डबीत आणि डबी फडताळात.

इथे मला काय वेगळं मिळालं? मशीन साधंच आहे, सरकारी आरोग्यसेवेचं. ही सेवा १९४८ साली सुरू झाली तेव्हापासून ती श्रवणयंत्रं फुकट देते. खरं तर देत नाही, वापरायला देते. मालकी त्यांचीच, त्यामुळे पिशवीत घालून मावशीला आणायचा प्रश्नच नाही. शिवाय त्यातला प्रोग्रॅम माझ्या कानाचा, तो तिच्या काय कामाचा? पण पहिल्याच दिवशी ऑडिओलॉजिस्ट बाईंनी, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञांनी, आधी कान तपासले, मऊ लगदा भरून दोन्ही कानांचे साचे घेतले. मशीन बसवताना केसाहून थोडी जाड नळी कानात सरकवली आणि पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजलं. मोल्डची नळी दर काही महिन्यांनी बदलायची, सेल फुकट, तक्रार असेल तर परत या.

परत या म्हणजे मात्र रांग. पहिल्या तारखेसाठी मी चार महिने थांबले. मळ काढायला आमचा डॉक्टर आता तयार नसतो. बाजारातल्या दुकानात मी त्याचे साठ पौंड मोजले. नाशिकला कानाच्या डॉक्टरांनी तेच काम फोन केल्या दिवशी, इथल्या दोन कॉफ्यांच्या पैशांत केलं. ही चपळाई आपल्याकडे आहे आणि तिचं कौतुक आपल्यालाच नाही.

म्हणून “तिकडे फुकट, इकडे लूट” हे भांडण मला चुकीच्या जागी चाललेलं वाटतं. आपण मशीन विकत घेतो, विकणाराही मशीनच विकतो. त्यानंतरच्या चार खेपा बिलात कुठेच नसतात. सरकारचंही तेच. महाराष्ट्राची २०२४ ची वयोश्री योजना पासष्टीपुढच्या गरजूंना एकरकमी ३,००० रुपये देते, त्यातून श्रवणयंत्र घेता येतं. मोल्ड सैल झाल्यावर काय, ते ज्याचं त्याने पाहावं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून चिठ्ठीशिवाय दुकानातून मशीन घेता येतं, तर तिथल्या पुतण्याला सांगू, असाही ग्रुपवर तोडगा निघाला. ती मशीनं सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी असतात. मावशीला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.

आपल्याकडे हे काम शिकलेली माणसं नाहीत असंही नाही. ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार ऑडिओलॉजिस्टची नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात लाजायचं काही कारण नाही. फ्रिज घेताना आपण कॉम्प्रेसरची गॅरंटी दोनदा विचारतो की.

मी मावसभावाला तेवढंच सांगितलं. नवीन मशीन नको. दुकान सोड, नोंदणी असलेल्या माणसाकडे जा, आधी मळ काढून घे, नवा मोल्ड करून घे, आणि मग उतरवलेली पट्टी पुन्हा चढवायला सांग. त्याने कुरकुरत केलं. दीड तास लागला म्हणे, आणि मोल्डसाठी आठवड्याने पुन्हा जावं लागलं.

परवा मावशीचा फोन आला. पदर घेतला तरी आता शिट्टी नाही, शब्द कळतात. पण आरतीची घंटा वाजली की तिच्यामागून दुसरीच एक थरथरती घंटा ऐकू येते. मी हसले. मशीन लांबलेल्या सुराला शिट्टी समजतं आणि तो खोडायला उलटा सूर सोडतं. माझ्या मशीनने तंबोऱ्याची अशीच वाट लावली होती. गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून मिळतो, पुढच्या खेपेला सांग, म्हटलं.

“सांगते,” मावशी म्हणाली. “घंटा घेऊन जाऊ का?”