निळी रात्र, पांढरा दिवस

जुने कृष्णधवल सिनेमे रंगीत करून दाखवावेत का, हा वाद आपल्याकडे २००४ साली ‘मुघल-ए-आझम’ पूर्ण रंगीत होऊन आला तेव्हापासून अधूनमधून पेटतो. एका बाजूचं म्हणणं, रंग नसतील तर नवी पिढी ढुंकूनही बघणार नाही. दुसरी बाजू म्हणते, काळ्या-पांढऱ्याला हात लावू नका. इथे जर्मनीत ‘नोस्फेरातू’ची जपणूक ज्या रीतीने झाली ती बघता, मला दोन्ही बाजू घाईच्या वाटतात. सगळ्या व्हॅम्पायरपटांचा हा मूळपुरुष, १९२२ चा मूकपट. पडद्यावर तो कृष्णधवल नव्हताच.

त्या काळच्या फिल्मला भरपूर उजेड लागे. बाहेर रात्रीचं चित्रीकरण जवळजवळ अशक्य. म्हणून दिग्दर्शक मुर्नाऊंनी रात्रीचे प्रसंग दिवसाढवळ्या टिपले. मग दाखवायच्या प्रतीचे तुकडे रंगाच्या पाण्यात बुडवायचे: रात्र निळी, दिव्याची खोली पिवळी, पहाट गुलाबी. वाळवून पुन्हा जोडायचे. निगेटिव्हमध्ये यातलं काहीच नसे. त्यामुळे पुढे काळ्या-पांढऱ्या फिल्मवर नकला निघाल्या तेव्हा रात्रच पुसली गेली, आणि सिनेमातला व्हॅम्पायर काउंट ओरलॉक लख्ख उन्हात स्वतःची शवपेटी काखेत मारून गावातून चालू लागला. ज्या गोष्टीत सूर्याच्या पहिल्या किरणाने त्याचा धूर होतो, त्याच गोष्टीत! (उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना याच सिनेमाची, ज्या कादंबरीवरून तो बेतला त्या ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’तला काउंट दिवसाही हिंडतो.) प्रेक्षक हसतात, पण दोष त्या नकलेचा असतो.

दुसरी मोडतोड वेगाची. सेकंदाला साधारण १८ फ्रेम्सचा हा सिनेमा २४ ने चालवला की ९४ मिनिटांचा ऐवज सत्तरेक मिनिटांत उरकतो. जिन्यावरून सरकत जाणारी ती लांब बोटांची सावली लगबगीने निघून जाते. शिवाय काउंटची घोडागाडी मुर्नाऊंनी मुद्दाम अनैसर्गिक वेगाने पळवली आहे. सगळंच पळत असेल तर ती वेगळी कशी जाणवणार?

कादंबरी वापरायला स्टोकरच्या पत्नीची परवानगी घेतलेली नव्हती, म्हणून १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. परदेशी गेलेल्या काही वाचल्या. पॅरिसच्या संग्रहातली १९२२ ची रंगवलेली प्रत हाती होती, म्हणून २००५-०६ च्या जीर्णोद्धारात छटा अंदाजाने ठरवाव्या लागल्या नाहीत. मला फरक पडतो तो इथे. ‘मुघल-ए-आझम’चा काही भाग मुळातच रंगीत होता, बाकीचे रंग मात्र ४४ वर्षांनी संगणकावर ठरले.

बघणार असाल तर आधी लांबी तपासा. तास-सव्वातासाची प्रत सोडून द्या. मग शवपेटी घेऊन चालण्याचा प्रसंग काढून बघा. तो निळा हवा. टीव्हीतलं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा, ते फ्रेम्सच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसवतं. खोलीत पूर्ण अंधार हवा.

आपले बहुतेक मूकपट नाहीसे झालेत. उरलेल्या रिळांची नवी प्रत किंवा स्कॅन काढताना तरी जुन्या पॉझिटिव्हवरची, म्हणजे दाखवायच्या प्रतीवरची, छटा तुकड्यागणिक नोंदवली गेली पाहिजे. एकदा ते रीळ कुजलं की निळं कुठे होतं हे सांगणारं दुसरं काही उरत नाही.