‘व्हॅन डेन बर्ग’ ही चेष्टा नव्हे

आडनावांच्या गमतींचा एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नेपोलियनने १८११ मध्ये डच लोकांवर आडनावांची सक्ती केली, राजवट चार दिवसांची म्हणून लोकांनी वाटेल ते लिहून दिलं, सपाट देशात ‘व्हॅन डेन बर्ग’, म्हणजे ‘डोंगरावरचा’, हे त्याच थट्टेतलं, आणि ‘व्हॅन’ लागलं की घराणं सरदारांचं. थट्टा करणारेच सरदार कसे, ते सोडा.

हुकूम खरा आहे, १८ ऑगस्टचा. फ्रीसलंडसारख्या उत्तरेकडच्या प्रांतांत बरेच जण तोवर बापाच्या नावावरच भागवत होते; त्यांनी तेव्हा आडनावं घेतली, हे बरोबर. पण पश्चिमेला आणि दक्षिणेला बहुतेकांना ती आधीपासून होती. चित्रकार व्हर्मीर १६७५ मध्ये वारला, तेव्हा नेपोलियन जन्मायला ९४ वर्षं होती. आणि ‘व्हर्मीर’ म्हणजे ‘व्हॅन डर मीर’चं आखडलेलं रूप: तळ्याकाठचा.

थट्टेचा पुरावा म्हणून ‘नाक्टखेबोरन’, ‘नागडा जन्मलेला’, हे आडनाव हमखास पुढे करतात. तेही १८११ च्या आधीचं आहे. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ ‘मागाहून जन्मलेला’, म्हणजे बाप गेल्यावर झालेलं मूल. यात हसण्यासारखं काय?

आता डोंगर. युरोपातल्या नेदरलँड्समधली सर्वांत उंच जागा, फाल्सरबर्ग, ३२२ मीटरची, तीही पार दक्षिण टोकाला. कळसूबाईच्या १,६४६ मीटरांची सवय असलेल्या आपल्याला हसू येणारच. पण जिथे पाणी अंगणात शिरतं, तिथे जरासा उंचवटाही घराची खूण सांगायला पुरतो, आणि डचांचा ‘बर्ग’ तेवढ्यालाही चालतो. गावात ‘यान’ नावाचे तिघे असले तर एक उंचवट्यावरचा, एक बांधावरचा, म्हणजे ‘व्हॅन डाइक’. त्याच बांधावरच्याला फ्रीसलंडमध्ये म्हणतात ‘डाइकस्ट्रा’. ‘स्ट्रा’ म्हणजे राहणारा. कॉम्प्युटरच्या पोरांना सर्वांत जवळची वाट शोधायची रीत ज्याच्या नावाने शिकावी लागते, त्याचं हेच आडनाव.

राहिला ‘व्हॅन’. त्याचं काम आपल्या ‘कर’सारखं: कुठला, एवढंच सांगायचं. बर्गचे काउंट खरोखर सरदार होते, पण ते गढी आणि किताबामुळे. संगीतकार बेथोव्हेनचं घराणं मूळ आजच्या बेल्जियममधल्या मेखेलनचं, म्हणून त्याच्याही नावात ‘व्हॅन’. पुतण्याच्या ताब्याचा त्याचा खटला व्हिएन्नात सरदारांच्या कोर्टात चालला होता. १८१८ मध्ये सरदारकीचा कागद मागितला, तो त्याच्याकडे नव्हता, आणि खटला सामान्य रयतेच्या कोर्टात गेला.