वाचनालय आधुनिक करताय? मग एवढं तरी कराच

तर तुमच्या वाचनालयाला आधुनिकीकरणाचा निधी मिळालाय म्हणे. अभिनंदन! आता उत्साहाच्या भरात एक चूक तेवढी करू नका, देवघेवीच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना विचारू नका की तुम्हाला काय हवंय. कारण त्या सांगतील. त्या म्हणतील, दारावर वेळेची नीट दिसेल अशी पाटी लावा, संध्याकाळी गर्दी असते तेव्हा अजून एक माणूस द्या, मागच्या खोलीतली ट्यूब सहा महिने फडफडतीये ती बदला. झालं! यातल्या कशाचंही उद्घाटन होत नाही हो. ट्यूबलाइटची फीत कापायला कोण येणार? म्हणून खरेदीचं साधं सूत्र ठेवा, ज्याला फीत बांधता येत नाही ते घ्यायचं नाही.

मी स्वतः एका वाचनालयाच्या समितीवर दोन वर्षं होतो (कुठल्या ते विचारू नका, अजून तिथलाच सभासद आहे आणि मला पुस्तकं हवी असतात), तेव्हा हे सगळं अनुभवाचे बोल समजा.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून. कोणीतरी एखादा शहाणा बैठकीत हमखास उठून सांगेल की पुस्तकांची यादी आणि देवघेव सांभाळणारं कोहा नावाचं सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या एका लहानशा लायब्ररी ट्रस्टने, त्यांची जुनी सिस्टिम २००० साल उजाडलं की झोपणार होती म्हणून १९९९ मध्ये लिहून घेतलं आणि मग जगाला खुलं करून टाकलं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आज हजारो लायब्रऱ्या ते वापरतात वगैरे. ऐकून घ्या, मान डोलवा आणि नामंजूर करा. फुकटच्या गोष्टीला तीन कोटेशनं कुठून आणणार? तो शहाणा असंही म्हणेल की अगदीच फुकट नाही, सर्व्हर लागतो, बसवून देणारा आणि शिकवणारा माणूस लागतो, त्याला पैसे द्यावे लागतात. बघा म्हणजे! पैसे माणसावर जाणार. त्यापेक्षा असं सॉफ्टवेअर घ्या की ज्यातून उद्या तुमचीच यादी तुम्हाला बाहेर काढता येणार नाही. नातं टिकतं त्याने.

मग डेटा एंट्री. हे काम नगावर द्यायचं, जितकी पुस्तकं तितके पैसे, आणि करणाऱ्याने पुस्तक उघडून बघायची गरज नाही, पाठीवरचं वाचलं तरी पुरे. याचा फायदा असा की एकच लेखक तुमच्या यादीत कुळकर्णी, कुलकर्णी आणि नुसत्या आद्याक्षरांनी असा तिघांचा संसार थाटून बसतो, म्हणजे ग्रंथसंपदा आपोआप वाढलेली दिसते. लेखकाच्या नावाचं एक रूप ठरवून बाकीची रूपं त्याला जोडायची हे ग्रंथपाल लोक कार्डांच्या ड्रॉवरच्या काळापासून करत आलेत, पण ते जुनं झालं, आपल्याला आधुनिक व्हायचंय. शिवाय काही नोंदी युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशा) आणि काही कुणाच्यातरी जुन्या फाँटमध्ये टाइप करून ठेवा. तो फाँट मशीनवर नसला की शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरांचा भाजीपाला दिसतो. मी एकदा ‘विहीर’ शोधलं, शून्य. ‘विहिर’ शोधलं, चार पुस्तकं! शुद्धलेखन येणाऱ्या वाचकाला चांगली अद्दल घडते, उगाच मिरवत असतो.

आता आरएफआयडी, म्हणजे पुस्तकात चिकटवायचा छोटा टॅग, जो मशीन रेडिओ लहरींनी पुस्तक न उघडताच वाचतं. हे घ्याच, कारण दारात, नोंद न करता पुस्तक नेलं की वाजणारे, दोन चकचकीत खांब उभे राहतात आणि फोटो झकास येतो. टॅग सगळ्या पुस्तकांत नेमक्या एकाच जागी चिकटवा, शेवटच्या पानाच्या मधोमध, ओळीने. विकणारे सांगतील की जागा थोडी वरखाली ठेवा, कारण पुस्तकं एकावर एक ठेवली आणि टॅग बरोब्बर एकमेकांवर आले की ते एकमेकांचा सिग्नल बिघडवतात आणि मशीनला पाचातली तीनच पुस्तकं दिसतात. बरंय की मग, उरलेली दोन वाचक घरी नेईल, वाचेल, आणि परत द्यायला आला की मशीन म्हणेल ही तुम्ही नेलीच नव्हती. कव्हरवर चमकी लावलेली पुस्तकं असली तर अजून मजा, धातूच्या थरामुळे टॅग आंधळा होतो. चोराला हे महिन्याभरात कळतं. समितीला कधीच कळत नाही. खांब मात्र कुणाच्याही पिशवीवर वाजतात, पहिल्या आठवड्यात सगळे दचकतात, दुसऱ्या आठवड्यात काउंटरवरून मान वर न करता “जा जा, तो वाजतोच” असं येतं, आणि तिसऱ्यात कुणीतरी प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावतं.

त्याच्याच शेजारी सेल्फ-इश्यू कियॉस्क, म्हणजे वाचकाने आपलं पुस्तक आपणच नोंदवून न्यायचं यंत्र ठेवा. आधी बाई शिक्का मारून पुस्तक हातात द्यायच्या. आता कार्ड दाखवा, पिन टाका, पिन विसरलात तर ओटीपी, ओटीपी जुन्या नंबरवर जातोय तर बाईंकडे जा, बाई कियॉस्कपर्यंत येणार, स्वतःचा पासवर्ड टाकणार (तो कियॉस्कवरच सेलोटेपने चिकटवलेला असतो) आणि पुस्तक हातात देणार. रंगनाथन, आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक, जे मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. ते फ्रेम करून कियॉस्कच्या बरोबर वर लावा. रांगेत वाचायला काहीतरी हवंच.

ई-बुकांबद्दल फार बोलत नाही, तिथे तुम्हाला काही बिघडवायची गरजच नाही, प्रकाशकांनी आधीच सोय केलीये. छापील पुस्तक आपण शिवून, चिकटवून, पुठ्ठा बदलून वीस-वीस वर्षं फिरवतो, आणि २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने लायब्रऱ्यांना दिलेलं ई-बुक २६ वेळा वाचायला दिलं की संपेल असा नियम आणला होता. म्हणजे जी गोष्ट झिजूच शकत नाही ती कागदाच्या आधी झिजते. एक प्रत एका वेळी एकालाच, बाकीचे वेटिंगवर. फाइलसाठी रांग लावायची कल्पना ज्याला सुचली त्याला आपल्या समितीवर घ्यायला हवं होतं.

नवीन सेवांसाठी अभ्यासदौरा काढा. हेलसिंकीला ऊदी म्हणून वाचनालय आहे, डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं, तिथे लोक येऊन शिलाई मशीनवर कपडे शिवतात, थ्रीडी प्रिंटर वापरतात. परत येऊन तुम्हीही थ्रीडी प्रिंटर घ्या. मग तो काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावा, किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष मुलीकडे परदेशी. पाहुणे आले की त्यावर छापलेला छोटा हत्ती दाखवायचा. आमच्याकडचा हत्ती विक्रेत्याने डेमोला छापला होता, त्यानंतर प्रिंटरला दुसरं अपत्य झालं नाही.

आणि हो, अंध वाचकांसाठी एक कॉम्प्युटर. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) २००६ पासून मोफत आहे आणि तो दोन अंध मित्रांच्या मेहनतीतून उभा राहिलाय, म्हणजे बहाणा काही उरत नाही, तरी घाबरू नका. कॉम्प्युटर लिफ्ट नसलेल्या वरच्या मजल्यावर ठेवा, हेडफोन खालच्या कपाटात, आणि तो सुरू कसा करायचा हे कुणालाच शिकवू नका. अहवालात लिहा, सुविधा उपलब्ध, मागणी नाही.

आता मुख्य मुद्दा, स्टाफ ट्रेनिंग. ट्रेनिंग मशीन यायच्या सहा महिने आधी घ्यावं. मशीन आल्यावर घेतलं तर लोक बटणं दाबून बघतात आणि मग खरंच शिकतात. जेवणानंतरची वेळ ठेवा, पीपीटी किमान ऐंशी स्लाइडची, आणि स्क्रीनवर जे दाखवायचंय त्याचे स्क्रीनशॉट, कारण हॉलमध्ये नेट नसतं. फीडबॅक फॉर्म सेशनच्या आधीच भरून घ्या, नंतर लोक घाईत असतात. पाठवायचं कुणाला हेही महत्त्वाचं. जो तीन महिन्यांनी रिटायर होणार आहे त्याला पाठवा, सन्मानही होतो. बाईंना पाठवू नका, त्या गेल्या तर काउंटर कोण बघणार?

आमच्याकडे एक कंत्राटी पोरगा होता. त्याला कुणी कुठल्याच ट्रेनिंगला पाठवलं नव्हतं, तो आपला दुपारी सामसूम असताना व्हिडिओ बघून बघून सगळं शिकला, दुहेरी नोंदी एक-एक करून जोडायला लागला, म्हाताऱ्या सभासदांना मोबाइलवरून पुस्तक रिन्यू कसं करायचं ते शेजारी बसून, चारचार वेळा, न चिडता दाखवायचा. बाईंनी त्याच्याकडून शिकून वहीत पायऱ्या लिहून घेतल्या होत्या, ‘आधी हिरवं दाबणे, मग थांबणे’ अशा. हे असलं अनधिकृत ट्रेनिंग वेळीच रोखायला हवं. आम्ही रोखलं, अकरा महिने पूर्ण झाल्यावर त्याचं कंत्राट वाढवलं नाही, कारण प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं.

शेवटचं यंत्र म्हणजे दाराजवळचं समाधान मापक, तीन चेहरे, हिरवा हसरा, पिवळा मख्ख, लाल रडका, जाताना एक दाबायचा. आमच्याकडे सुट्टीत एक पाच-सहा वर्षांचं कार्टं आईबरोबर यायचं. आई कपाटांत पुस्तक शोधायची, यादीवर भरवसा नसल्यामुळे बराच वेळ शोधायची, आणि हा पठ्ठ्या तेवढा वेळ हिरवं बटण दाबत उभा राहायचा. त्या महिन्याचा अहवाल इतका सुंदर आला की समितीने पेढे वाटले. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पोरगं यायचं बंद झालं आणि समाधान धाडकन खाली आलं. तातडीची बैठक बसली, दोन तास चर्चा झाली आणि ठराव झाला की काउंटरवरच्या बाईंना अखेर एका ट्रेनिंगला पाठवावं. विषय होता, वाचकांशी हसून कसं बोलावं.