पिवळं कुत्र्याला

बेळगावच्या शहापुरात डझनभर अंडी घ्यायची होती. एवढंच काम. रांगेत माझ्या पुढे एक काका, हातात अर्धा किलो कुंद्याचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा, डबा.

"बारा? वय किती रे तुझं?"

"अठ्ठेचाळीस." का सांगितलं कुणास ठाऊक.

"आणि पिवळं खाऊलालास?"

"खातो की."

"खातो म्हणतोय बघा!" हे दुकानदाराला, मागच्या मावशीला आणि सायकल ढकलत निघालेल्या दूधवाल्यालाही. "कोलेस्टेरॉल हाय त्यात! पांढरं तेवढं खायचं, पिवळं कुत्र्याला घालायचं. मी दहा वर्षं तेच करुलालोय."

म्हणजे दहा वर्षं काकांच्या घरात सगळ्यात सकस आहार कुत्र्याचा. एका मोठ्या अंड्यात साधारण 70 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं. त्यातली अडीच ग्रॅमच्या वर त्या पिवळ्यातच. अ आणि ड जीवनसत्त्व, कोलीन, लोह, जवळजवळ सगळं बी-12 तिथेच. पांढऱ्यात प्रथिनं चांगली, पण बाकी बहुतेक पाणीच.

कोलेस्टेरॉल आहे, नाही कोण म्हणतंय? एका बलकात 185 मिलिग्रॅमच्या आसपास. पण बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त वाढतं ते संपृक्त चरबीनं, आणि ती अख्ख्या अंड्यात दीड ग्रॅमच. अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांतून दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 च्या आवृत्तीत गेली. मधुमेह असेल, कोलेस्टेरॉल आधीच चढलेलं असेल, तर डॉक्टरला विचारावं; रांगेतल्या काकांना नव्हे. संपृक्त चरबी खव्यात भरपूर, आणि खवा कुठे होता? काकांच्या डब्यात. हे मी बोललो नाही. संस्कार आडवे येतात.

तेवढ्यात दुकानदारानं माझी पांढरी अंडी मागे सारली. "गावठी घ्या की सर. तत्ती तपकिरी, ताकद डबल." तत्ती म्हणजे अंडं. दाम मात्र खरंच डबल. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, बलकाचा केशरीपणा तिच्या खाण्यातल्या मक्यावर. रंगावरून ताकद कळत नाही. हेही माहीत असून मी तपकिरीच घेतली, कारण मागून मावशी म्हणाली, "घे रे बाळ, तब्येतीला पैसा बघू नये." अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाळ! अंडी वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र काळ्या पिशवीत. जणू बॉम्बच नेतोय.

काका थांबतात कुठले? "आणि उकडायची तर वीस मिनिटं. जंतू मरायला पायजेत." वीस मिनिटांनी जंतू मरतात, अंडंही मरतं. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह मिळून बलकाभोवती ते हिरवट-करडं कडं पडतं. अपाय नाही, पण चव आणि वास दोन्ही गेले. उकळत्या पाण्यात अंडं सोडून दहा-अकरा मिनिटं पुरे. आपलं बेळगाव उंचावर, पाणी शंभरच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं, म्हणून वर एक मिनिट. मग लगेच गार पाण्यात. अगदी ताजं अंडं सोलताना पांढरं कवचाबरोबर निघून येतं, आठवडाभराचं सुटसुटीत सोलतं. कच्चं मात्र गिळू नये. साल्मोनेला जंतूंची भीती, आणि प्रथिनंही शिजवल्यावर जास्त पचतात.

यातलं एक अक्षर तोंडातून फुटलं नाही. "बरं काका" म्हणून निघालो. आता ती मावशी गल्लीत भेटली की लांबूनच ओरडते, "कोलेस्टेरॉल कसं हाय रे बाळ?"