कोई चालला जिना उतरून

मालवणी माणूस मासे घ्यायला जातो तो परीक्षक म्हणून. बांगड्याचा कल्ला उचलून बघायचा, पापलेटचं पोट दाबायचं, नाक मुरडायचं आणि भाव पाडायचा. या सगळ्यात माशाने एकच करायचं असतं, गप्प पडून राहायचं. बदली होऊन कोलकात्याला येईपर्यंत तमाम माशांनी माझ्यासमोर ही शिस्त पाळली होती.

गरियाहाटच्या बाजारात मात्र मासाच माझ्याकडे बघत होता. अ‍ॅल्युमिनियमच्या हंडीत बोटभर पाणी आणि त्यात वीतभरही नसलेले काळपट हिरवे मासे एकमेकांच्या अंगावर चढत होते. सवयीने कल्ला बघायला हात घातला, तर कल्ल्यानेच माझं बोट धरलं. त्याच्या कडेला चक्क करवतीचे दाते होते. "दादा, कोई! एकदम जॅन्तो!" मासेवाला अभिमानाने म्हणाला. कोई हे माशाचं नाव आणि जॅन्तो म्हणजे जिवंत. बोटातून रक्त आल्यावर मला वेगळा पुरावा नकोच होता.

हे प्रकरण घरी आणण्याचं कारण म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माशीमा, आपल्या भाषेत मावशी. आमचे चिरंजीव नुकतेच तापातून उठले होते. बंगालमध्ये आजारातून उठलेल्याला 'जिओल माछ', म्हणजे कोई, मागूर, शिंगी असल्या जिवंत विकल्या जाणाऱ्या माशांचा पातळ रस्सा देतात. आपल्याकडे मऊ भात आणि मेतकूट. मेतकूट बरणीतून पळून जात नाही, हा त्याचा केवढा मोठा गुण आहे, ते घर सोडल्यावरच कळतं. माशीमांनी हुकूम सोडला, मासा जिवंतच आणायचा, कापीन मी. पण आज त्या लेकीकडे निघाल्या होत्या. तेव्हा कापाकापी उद्या सकाळी, आणि आजची रात्र पाहुणा आमच्याकडे.

बादलीत पाणी किती घालायचं, इथपासून वादाला तोंड फुटलं. बायको म्हणाली, "काठोकाठ भरा. बरं वाटेल बिचाऱ्याला."

मी फोनवरची माहिती वाचून दाखवली. कोईच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, हाडाच्या पातळ चुण्याचुण्यांचं एक इंद्रिय असतं. त्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि त्याच्या जोरावर हा गडी सरळ हवेतून श्वास घेतो. नुसत्या कल्ल्यांवर त्याचं भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. वर येऊ दिलं नाही, तर हा मासा पाण्यात बुडून मरतो.

"म्हणजे काठोकाठ भरून झाकण ठेवलं तर बुडणार. आणि उघडं ठेवलं तर?"

"चालत जाणार."

"आपल्या बाजारात सुरमई मिळत नव्हती का?" एवढं बोलून ती झोपायला गेली.

शेवटी अर्धी बादली पाणी, वर पोळपाट आणि पोळपाटावर वरवंटा असा तोडगा निघाला. मी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो आणि पुढचं वाचत राहिलो. ते वाचायला नको होतं. १७९१ साली तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतल्या डाल्डॉर्फ नावाच्या लेफ्टनंटाने म्हणे हा मासा ताडाच्या झाडावर, पाण्यापासून पाच फूट उंचीवर, सालीच्या फटीत पाहिला. १७९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने ती हकिगत छापलीही. पुढच्या अभ्यासकांनी शंका काढली, की कावळ्या-घारींनी पकडून तिथे नेऊन ठेवला असेल, आणि तो चिवटपणे जिवंत राहिला असेल. असेलही. पण माझं मत लेफ्टनंटसाहेबांच्या बाजूने आहे. शंका काढणाऱ्यांपैकी कुणी रात्रभर याची बादली राखली असेल, असं वाटत नाही.

पहाटे आषाढातला पाऊस कोसळू लागला. पावसात डबकी सोडून दुसरीकडे मुक्काम हलवायचा, हा या माशांचा पिढीजात रिवाज. त्यात चिरंजीव उठले आणि "बाबा, झोपलाय का तो?" म्हणून त्यांनी पोळपाट उचलला.

फट्! मासा जमिनीवर.

जुन्या घराची लाल सिमेंटची जमीन, त्यात ओल आलेली. मला वाटलं, तडफडेल आणि थांबेल. तो तडफडला वगैरे मुळीच नाही. त्याने दोन्ही बाजूंची कल्ल्यांची झाकणं फाकवली, एकाचे दाते जमिनीत रोवले, शेपटीने रेटा दिला, मग दुसरं झाकण रोवलं. आळशी माणूस सतरंजीवर कोपरांनी सरकतो ना, तस्साच. दारातल्या काथ्याच्या पायपुसण्यावर तर त्याला अशी काही पकड मिळाली, की त्याचा वेगच वाढला.

मी झडप घातली. त्याने पाठीवरचे काटे उभारले. मी हात मागे घेतला. इथल्या बायका असला मासा धरताना हाताला राख लावतात, हे आठवलं. पण गॅसच्या घरात राख कुठली? उदबत्तीच्या घरात चिमूटभर निघाली. तेवढ्यात बायकोने हाताला लागेल तो डबा पुढे केला. तो रव्याचा निघाला. मूठभर रवा त्याच्यावर टाकला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला. आता अंगभर रवा लागलेला मासा, तव्यावर जायच्या अगदी तयारीत, आमच्या हातावर तुरी देऊन एक एक पायरी उतरत होता. मागे मी फडकं घेऊन, माझ्यामागे बायको झारा घेऊन आणि सगळ्यांत मागे तापातून उठलेले, पण आता ठणठणीत दिसणारे चिरंजीव.

माशीमा दुधाची पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या. मासा त्यांच्या उंबऱ्यापाशी पोचला. त्यांनी पदर हाताला गुंडाळला, डोक्याकडून अलगद दाबून तो उचलला आणि डोळ्यांजवळ धरून निरखला.

"ओमा! कोई माछेर गाये शुजी?"

पळाला, जिना उतरला, याचं त्यांना काहीच नव्हतं. कोईला रवा लावला, याचा मात्र त्यांना जबर धक्का बसला होता. आम्ही तिघं खाली माना घालून उभे. बराच वेळ नळाखाली रवा धूत त्या पुटपुटत राहिल्या. मग माझ्या पट्टी गुंडाळलेल्या बोटाकडे लक्ष गेल्यावर जरा निवळल्या.

"पुढच्या रविवारी शिंगी आणा," त्या मायेने म्हणाल्या. "मुलाला आणखी ताकद येईल. फक्त हात लावू नका हं. तिचा काटा विषारी असतो."